मुटालेच्या लग्नाची गाडी

गर्शोमने इंग्लंडहून जुनी जग्वार मागवली, तेव्हा सगळ्यात आधी हसली ती माझी बहीण अ‍ॅस्ट्रिडा.

"अंगणात नवीकोरी जपानी गाडी उभी आहे आणि हा म्हातारी घरात आणतोय," ती मला म्हणाली. "पोटिफर, तू तरी समजाव तुझ्या मुलामुला."

मुलामु म्हणजे मेहुणा. गर्शोम मला तसं म्हणायचा आणि मीही त्याला. आमच्यात थट्टा चालायची, पण समजावणं वगैरे चालत नसे. खाणीला पाइप, नटबोल्ट आणि रबरी पट्टे पुरवून गर्शोम कासोंडे आमच्या किट्वे शहरातला बडा माणूस झाला होता आणि बड्या माणसाला कोण समजावणार. शाळेत असताना बक्षीस समारंभाला खाणीचे मोठे साहेब गर्द हिरव्या जग्वारमधून आले होते. गर्शोमचा पहिला नंबर आला होता. बक्षीस काय मिळालं ते त्याला आठवत नव्हतं. गाडी आठवत होती.

"मुटाले चर्चला जाईल ती त्याच गाडीतून," तो म्हणाला. मुटाले त्याची थोरली मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं.

गाडी जहाजातून दार-ए-सलामला उतरली आणि बंदरातच अडकून पडली. कधी कुठला शिक्का राहिला, कधी साहेब सुट्टीवर. लग्न जवळ येत चाललं तसा गर्शोमचा जीव वरखाली व्हायला लागला. गाड्या ट्रकवर चढवून आणणारे लोक आहेत, पण ते साखळ्या लावतात, रंग खरवडतो, म्हणून ते त्याला नको होतं. गाडी चालवतच आणायची. त्यासाठी वेब्स्टर सिवालेचं नाव मी सुचवलं.

वेब्स्टर वर्षानुवर्षं दार-ए-सलामहून, आम्ही नुसतं दार म्हणतो, लोकांच्या गाड्या आणायचा. माझ्या गॅरेजचा पिकअपही त्यानेच आणला होता. किडकिडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. दुसऱ्याच्या गाडीत बसायचा तर आधी सीटवर स्वतःचा टॉवेल अंथरायचा आणि बूट काढून ठेवायचा. रेडिओला हात लावायचा नाही. माझ्या माहितीत त्याच्या हातून कुणाच्या गाडीला ओरखडा आला नव्हता. बंदरातून गाडी सुटेपर्यंत तो तीन आठवडे दारला डासांत झोपला, शेवटी एकदाचा निघाला आणि सीमा ओलांडून आपल्या हद्दीत आला.

लग्न शनिवारी. गुरुवारी दुपारी आम्ही अंगणात मांडव घालत होतो. गर्शोमचा फोन वाजला. तो चार पावलं बाजूला गेला, बोलला आणि परत आला.

"वेब्स्टर. म्पिकाला पोचलाय. डोकं दुखतंय म्हणतो, डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. समोरच मिशनचं हॉस्पिटल आहे, जाऊ का, विचारत होता. मी म्हटलं, गाडी बाजारात सोडून कुठे जातोस? आरसेसुद्धा उपटून नेतील. गोळी घे, काचा लावून आत बसून राहा. मुलामु, उद्या पहाटे तू जा आणि गाडी घेऊन ये."

"मलेरिया असेल," अ‍ॅस्ट्रिडा म्हणाली. ती खुर्च्या मोजत होती. "दारहून येणारा प्रत्येक माणूस तो घेऊनच येतो."

"असेल. एका रात्रीने काय होतंय?"

मी परत दोर आवळायला लागलो.

रात्री म्पिकाच्या पोलिसांचा फोन आला. वेब्स्टर गाडीतच मेला होता.

पहाटे मी पिकअप काढला, तर गर्शोम आधीच दारात उभा होता. वाटेत सेरेंजेला चहा घेतला, तो त्याने तसाच टपरीवर ठेवला.

गाडी म्पिकाच्या बाजाराच्या कडेला एका झाडाखाली उभी होती. गर्द हिरवी, धुळीने माखलेली, पण कुठे टवकाही उडालेला नाही. रस्त्याच्या पलीकडे हॉस्पिटलचं फाटक, इतकं जवळ की तिथल्या पहारेकऱ्याचं खोकणं ऐकू येत होतं. पोलीस शिपायाने गर्शोमच्या हातात किल्ली दिली. शेजारी रताळी विकायला बसलेली एक बाई आमच्याकडे बघत होती. लोक तिला बाना चोला म्हणत, म्हणजे चोलाची आई.

"तुम्ही त्याच्या घरचे?" तिने मला विचारलं.

"ओळखीचे, बामायो," मी म्हटलं; बामायो म्हणजे आई. "तुम्ही बघितलंत त्याला?"

"बघितलं म्हणजे? अख्खी दुपार माझ्याच समोर होता. मी त्याला पाणी दिलं, तर ओकला. मी म्हटलं, बाळा, ते फाटक दिसतंय ना, जा तिथे, मी बघते तुझ्या गाडीकडे. इथे माझ्या देखत कोण हात लावतंय गाडीला? तर म्हणाला, आई, हिचा एक आरसा गेला तरी मला जन्मात भरून देता येणार नाही. मग माझ्यासमोर मालकाला फोन लावला. तिकडून मालक काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. यानं 'हो बॉस, हो बॉस' केलं, आत जाऊन बसला आणि काचा वर केल्या."

"या उन्हात?" मी म्हटलं.

"या उन्हात. मी दोनदा काच वाजवली. पहिल्यांदा हात हलवला. दुसऱ्यांदा बघितलं तर डोकं स्टिअरिंगवर. मला वाटलं, झोप लागली. चार वाजता पोरांना हाक मारली, त्यांनी दार उघडलं." तिने टोपलीतली रताळी उगीच इकडची तिकडे केली. मग गर्शोमकडे नीट बघितलं. त्याचे बूट, घड्याळ, हातातली किल्ली. "मालक तुम्ही का?"

गर्शोम म्हणाला, "मी माणूस पाठवणार होतो."

"कधी?"

गर्शोमने किल्ली खिशात घातली. एक गिऱ्हाईक आलं, ती वजन करायला लागली.

शवागारात जाऊन गर्शोमने ओळख पटवली, जिथे सांगितलं तिथे सह्या केल्या. मी गावातल्या सुताराकडून शवपेटी आणली. हॉस्पिटलच्या दोन माणसांनी हात लावला आणि आम्ही ती पिकअपमध्ये ठेवली. मला वाटलं, आता दोघंही उत्तरेला निघणार, वेब्स्टरच्या गावी, इसोकाच्या पुढे. पण गर्शोम जग्वारपाशी गेला आणि त्याने दार उघडलं. मग सीटवरचा टॉवेल उचलला, घडी केली आणि माझ्याकडे दिला.

"हा त्याचा. तू त्याला गावी पोचव. मी गाडी घेऊन किट्वेला जातो."

"ही गाडी? आज?"

"उद्या लग्न आहे, मुलामु. तीनशे माणसं येणार आहेत. नवऱ्याकडचे लुसाकाहून निघालेसुद्धा. मी त्यांना काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"आणि मुटालेला? लग्नाच्या सकाळी? गेलेला परत येणार आहे का? रविवारी मी येतो. सगळा खर्च माझा. मी येईपर्यंत माती देऊ नका म्हणावं."

काचा खाली करून तो स्टिअरिंगमागे बसला. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. वेब्स्टरने गाडी इतकी नीट आणली होती. ती दक्षिणेला गेली आणि मी शवपेटी घेऊन उत्तरेला निघालो.

वेब्स्टरचं घर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. पिकअप वळला तोच बायकांचा आक्रोश सुरू झाला. त्याच्या बायकोला, एनेसला, दोघींनी दोन्ही दंडांना धरलं होतं. मी टॉवेल तिच्या हातात दिला. तिने तो उघडून परत त्याची नीट घडी केली. मग बायका आत जमिनीवर बसल्या आणि आम्ही पुरुष बाहेर शेकोटीभोवती. दोन दिवस मी तिथेच होतो.

"आणि मालक?" वेब्स्टरच्या थोरल्या भावाने विचारलं.

"मुलीचं लग्न आहे. रविवारी येतोय."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि शेकोटीतलं लाकूड पुढे सरकवलं.

शनिवारी किट्वेत काय झालं ते मला नंतर अ‍ॅस्ट्रिडाने सांगितलं. गाडी धुऊन पुसून आरशासारखी केली होती. पांढऱ्या फिती लावल्या होत्या. गर्शोमने स्वतः चालवली. चर्चपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी ललकाऱ्या दिल्या, मुटाले मागच्या सीटवर राणीसारखी हसत होती. मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं. अ‍ॅस्ट्रिडा पुढे गर्शोमशेजारी बसली होती, हात मांडीवर, पाठ सीटला न टेकता.

रविवारी तो आला. जपानी गाडीतून मक्याच्या पिठाची पोती, घेवडा, तेल, कोबी असं पुष्कळ सामान घेऊन. लोकांना बरं वाटलं. मालक म्हणवणारी माणसं बहुतेक वेळा कुणाच्या तरी हाती पैसे पाठवतात. हा स्वतः आला होता.

माती देऊन झाल्यावर एनेस बाहेर आली. त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली.

"शेवटचं बोलणं तुमच्याशीच झालं त्यांचं," ती म्हणाली. "काय म्हणाले?"

गर्शोमने माझ्याकडे बघितलं नाही.

"तुझं नाव घेतलं," तो म्हणाला. "म्हणाला, एनेसला सांगा, काळजी करू नको म्हणावं. मी येतोच आहे."

बायका पुन्हा रडायला लागल्या, पण ते रडणं आधीपेक्षा मऊ होतं. म्हाताऱ्याने गर्शोमचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. जेवायला त्याला पहिलं पान वाढलं, कोंबडीचा चांगला तुकडा दिला. मी न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा हातात घेतला आणि परत ताटात ठेवला.

येताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "तिला बरं वाटलं ना?"

"वाटलं."

"मग झालं तर."

जग्वार किट्वेत फिरायला लागली. दर रविवारी चर्चला, कधी खाणीच्या क्लबला. लोक थांबून बघायचे. माझ्या गॅरेजात ती दोनदा ब्रेकसाठी आली. मी काम केलं आणि पैसे घेतले.

थंडी सरता सरता एका शनिवारी मी गर्शोमकडे गेलो होतो, तेव्हा फाटकाशी एनेस उभी होती. खांद्यावर एक पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. अ‍ॅस्ट्रिडाने खुर्ची आणली, पण ती ओट्याच्या पायरीवर बसली. पाणी प्यायली. गर्शोम बाहेर आला.

"मृत्यूचा दाखला आणायला म्पिकाला गेले होते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "फाटकासमोर रताळी विकते त्या बाईला मी कोण ते माहीत नव्हतं. मीच विचारलं, इथे एक माणूस गाडीत मेला तो कुठे? तिने झाड दाखवलं. मग सगळं सांगितलं."

गर्शोम उभाच होता.

"मी भांडायला आले नाही. भावजींना कळलं असतं तर ते आले असते, म्हणून त्यांना सांगितलं नाही. मला पैसेही नकोत. एकच विचारायचंय. त्यांनी माझं नाव घेतलं होतं का?"

अंगणात कोंबड्या चरत होत्या. अ‍ॅस्ट्रिडा नवऱ्याकडे बघत होती. तिच्या मनात काय होतं मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. हो म्हण. एवढं तरी दे तिला.

"नाही," गर्शोम म्हणाला. "नाही घेतलं. हॉस्पिटलात जाऊ का, एवढंच विचारलं. मी नको म्हटलं."

एनेसने मान हलवली, कुणी वाटेचं वळण सांगितल्यावर हलवावी तशी. "बरं," ती म्हणाली. तिने उठून कमरेला गुंडाळलेलं कापड झटकलं आणि गाडीकडे बघितलं. जवळ गेली नाही. "इसोकाची बस किती वाजता असते?"

गर्शोमचं बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. त्याने खोटं बोलायचं सोडलं ते नेमकं त्या दिवशी. त्यानंतर अ‍ॅस्ट्रिडा त्या गाडीत कधी बसली नाही आणि वर्षाच्या आत गर्शोमने ती लुसाकाच्या एका हॉटेलवाल्याला विकली. तो ती लग्नांना भाड्याने देतो. मुटालेच्या दिवाणखान्यात तिचा त्या गाडीतला फोटो आहे, मागच्या काचेतून हसणारा. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हौसेने दाखवते. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी एनेसला बसपर्यंत मी सोडलं. स्टँडवर गाडी थांबवली तरी ती उतरली नाही. पिशवी मांडीवर धरून समोरच्या काचेतून बघत राहिली.

"सीमा ओलांडून आले तेव्हा घरी थांबले होते," ती म्हणाली. "थोडाच वेळ. पोरं धावत आली गाडी बघायला. ह्यांनी सगळ्यांना लांब उभं केलं, हात लावू नका म्हणाले. मला मात्र दार उघडून आत बसवलं. म्हणाले, बघ, कशी खुर्ची आहे."

मी इंजिन बंद केलं.

"जेवले नाहीत. अंग दुखतंय म्हणाले. मी कपाळाला हात लावला, तर तापलं होतं. मला वाटलं, उन्हातून आलेत." ती थांबली. "राहा म्हटलं असतं तर राहिले असते. माझं ऐकायचे. पण शनिवारी लग्न आहे म्हणाले, मालक वाट बघतोय. मी म्हटलं, मग उशीर नका करू. पाण्याची बाटली मीच भरून दिली."

कंडक्टर इसोका, नाकोंडे, इसोका, नाकोंडे असं ओरडत होता. तिने दार उघडलं, खाली उतरली आणि पिशवी खांद्याला लावली.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.