पोटातली चोख दुरुस्ती

माणसाची लायकी पहारसाहेब त्याने बुजवलेल्या खड्ड्यावरून ठरवत. जन्म गेला रस्ते खात्यात, तपासणीस म्हणून. नवाकोरा डांबरी रस्ता, फीत कापून झालेली, मंडळी फोटोला उभी राहतायत, आणि हे कडेला पहार मागवून मजुराला सांगतायत, "खण." आत खडी कमी आणि माती जास्त निघाली, की कंत्राटदाराकडे असं बघायचे की तो डांबरापेक्षा काळा पडायचा. पहारसाहेब हे नाव त्या कंत्राटदारांनीच पाठीमागे ठेवलेलं. सुनेला ते लग्नानंतर कळलं आणि तिने ते घरात इतक्या मायेने वापरायला घेतलं, की साहेबांना रागावताही येईना.

स्वादुपिंडात गाठ निघाली, यकृतात तिची पिल्लं दिसली, तेव्हा त्यांनी तिलाही कंत्राटदाराच्या रांगेत उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत नीट समजावलं होतं, "प्रत्येक पेशीच्या आत एक लांबलचक धागा असतो, डीएनए. तो सारखा कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी तो सारखी सांधत असते. तुमच्या गाठीतल्या पेशींची ही सांधायची एक यंत्रणा बिघडलेली आहे. आपलं औषध धागा तोडतं. चांगल्या पेशी बऱ्यापैकी सांधून घेतील. गाठीतल्या मरतील."

"म्हणजे साधा खड्डा बुजवता येत नाही हिला?"

"नाही."

"आणि ही मला मारणार!" साहेब असे हसले की शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून उठून बसला. "तोंड बघा म्हणावं आरशात."

औषध खरंच लागू पडलं. गाठ आक्रसली, साहेबांचा तोरा वाढला. फक्त हातांची बोटं गेली. आधी टोकांना मुंग्या, मग नुसती बधिरता. सदऱ्याची बटणं लागेनात. सकाळी खिडकीतल्या उन्हात सून आधी लेकीचं झबलं चढवायची, मग सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, बटणं लावायची. लेक पाय झाडायची, बाबा तोंड चालवायचे.

"वरून दुसरं बटण चुकलंय. तुझं काम म्हणजे अगदी ठेकेदारी."

"हलू नका बाबा, नाहीतर हनुवटी काजात अडकेल."

"हिला बघ, केवढी गुणी," नातीकडे बोट. "आणि आई बघ हिची."

सून हसायची. त्या शिव्यांमध्ये किती जीव आहे ते तिला पुरतं ठाऊक होतं. बाबा ज्याच्याशी गोड बोलायचे, तो माणूस संपला असं समजायचं.

मग नवा स्कॅन आला. औषध चालू असतानाच यकृतातल्या गाठी पुन्हा वाढत होत्या.

"कारणं वेगवेगळी असू शकतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मला दाट संशय आहे तो एकाचा. औषधाच्या माऱ्यात एखाद्या पेशीतली ती बिघडलेली यंत्रणा पुन्हा चालू झाली असावी. तिने धागा सांधला, ती जगली, आणि आता तिचीच प्रजा वाढतेय. तसं असेल तर हे औषध कितीही दिलं तरी उपयोग नाही. उलट तुमची बोटं कायमची जातील. यकृतातल्या गाठीचा नवा तुकडा सुईने काढून तपासू. बुधवारी. मग ठरवू."

साहेब उठले. घरी येईपर्यंत गाडीच्या काचेतून बाहेर बघत बसले, आणि वाटेतल्या एकाही खड्ड्याला शिवी दिली नाही. 

मंगळवारी संध्याकाळी मामा आले. मामा म्हणजे साहेबांचे मेहुणे. या गृहस्थांना आयुष्यात कशाचीच माहिती नव्हती, त्यामुळे त्यांना कुठल्याही विषयावर बोलताना अडचण येत नसे.

"भावोजी, सुई अजिबात घ्यायची नाही," खुर्चीत टेकण्याआधीच त्यांनी निकाल दिला. "एकदा काढला ना तुकडा? आलाय ना रिपोर्ट? गाठ तीच, माणूस तोच. जे औषध एकदा लागू पडलं तेच वाढवून द्या म्हणावं. माझ्या ओळखीत एकजण—"

"मामा, तो तुमचा ओळखीतला नेहमी बराच होतो," सून म्हणाली. "कधी घरी आणा की त्याला."

"आजकालच्या मुलींना चेष्टा सुचते. अगं, मनाची उभारी लागते! मन खंबीर ठेवलं की गाठ विरघळते."

"मग मुतखड्याच्या वेळी तुम्ही का ओरडत होतात?"

मामांनी चहाचा कप जवळ ओढला आणि त्यात तोंड घातलं. सुनेला वाटलं, आता बाबा हसतील. बाबा भिंतीकडे बघत होते.

"मेहुणे बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "सुई नको. कळव त्या बाईंना. आहे तेच औषध चालू राहू दे."

मामांशी बाबांचं आजवर एकदाही जमलं नव्हतं. लग्नात सुद्धा नाही. सुनेने लेकीला कडेवरून उतरवून चटईवर ठेवलं. तिला स्वच्छ दिसत होतं की हा माणूस सुईला भीत नाही. ज्या गाठीला आपण नालायक म्हणून हसलो, ती आपल्याला पुरून उरली, हे त्याला ऐकायचं नाही. त्यापायी तो उद्यापासून फुकटचं विष अंगात घेणार होता, आणि जेवढा वेळ हातात आहे तेवढाही घालवणार होता.

ती त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, बाजाराच्या रस्त्याची ती गोष्ट सांगा ना मामांना."

"कुठली?"

"तुम्हीच शंभरदा सांगितलीय. रस्ता खचला होता, मधे पाइपवाल्यांनी उकरला होता, पुन्हा भरला होता. आणि कंत्राटदार गेल्या वर्षीचा तपासणीचा तुकडा घेऊन तुमच्यासमोर आला. म्हणाला, साहेब, हा पास झालाय, रस्ता तोच आहे."

बाबांचा जबडा आवळला.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"आठवत नाही."

"मी सांगते. 'गाढवा, रस्ता तोच आहे, पण मधे एक वर्ष गेलंय. जुना तुकडा तुझ्या घरी शोकेसमध्ये ठेव. आजचा रस्ता आज खण.' मग आता कोण झाला हो तो कंत्राटदार?"

"अगं, मोठ्यांशी—" मामांनी कप खाली ठेवला.

"तू गप रे!" बाबा इतके जोरात ओरडले की चटईवरची लेक रडायची विसरून बघतच राहिली. मामांनी कप परत उचलला.

बाबा सुनेकडे बघत होते. कंत्राटदारांकडे बघायचे तसेच. तिने नजर हलवली नाही, पण पदराच्या टोकाला गाठ मारून मारून ते चिंधीसारखं करून टाकलं.

"माझीच पहार," ते शेवटी म्हणाले, "आणि माझ्याच पायावर. गाढवीण आहेस."

"उद्या लवकर निघायचंय," ती म्हणाली.

सुई घ्यायला आडवे झाले तेव्हा साहेबांना तपासणीसाचा कंठ फुटलेला होता. "चांगलं दिसतंय तिथलं घेऊ नका हं. सगळे तीच लबाडी करतात. जिथे बिघडलंय तिथे खणा."

"जी वाढतेय त्याच गाठीतून घेतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता श्वास धरा. आणि तोंड पण."

अहवाल आला तो बाईंच्या संशयाप्रमाणेच. बिघडलेल्या जागेच्या शेजारी दुसरा एक बिघाड झाला होता, आणि दुसऱ्याने पहिल्याची चूक भरून निघाल्याने यंत्रणा पुन्हा सुरू झाली होती. साहेबांनी ते दोनदा समजावून घेतलं. सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता कोसळतील म्हणून तिने खुर्ची सुद्धा जवळ ओढली.

"चोख दुरुस्ती," साहेब म्हणाले. "जन्मभर शोधत होतो. एका हरामखोराने करून दाखवली नाही. आणि सापडली कुठे, तर माझ्या पोटात. काम कुणाचं? चोराचं!"

"हे औषध आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरं सुरू करू. बरं करेल असं वचन मी देत नाही. थोपवेल, अशी आशा आहे. पण त्याची तऱ्हा वेगळी. पेशी नवा धागा बनवताना जो माल वापरते, त्याच्यासारखाच दिसणारा खोटा माल हे औषध पुरवतं. पेशी तो खरा समजून वापरते आणि काम तिथेच अडतं."

साहेब पुढे वाकले. "थांबा. माल खोटा?"

"हो."

"दिसायला खऱ्यासारखा?"

"अगदी."

"म्हणजे भेसळ." त्यांनी सुनेकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या मिशीखाली ते जुनं कुत्सित हसू हललं. "ऐकलंस का? जन्मभर पकडली ती भेसळ, आणि आता तिलाच मंजुरी द्यायची. तीही माझ्या सहीने."

संमतीचा कागद समोर आला. बोटांना पेन कळत नव्हतं. सुनेने ते त्यांच्या मुठीत बसवलं आणि हात काढून घेतला. सही वाकडीतिकडी, खचलेल्या रस्त्यासारखी उमटली. साहेबांनी ती तुच्छतेने न्याहाळली.

"हं. मिसळा म्हणावं," ते म्हणाले. "आणि हात आखडू नका."