कोर मावळल्यावर पोचलेली बॅग

मी चाकांची निळी बॅग बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण माळ्याखालीच चिंतामणराव चहा पीत बसलेत आणि माझा विषय निघालेला त्यांना सोसत नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण घर मिळालं ते इंदुरात. कृष्णपुऱ्याजवळच्या दुकानातून चिंतामणरावांच्या पियुषनं मला आणलं. वडिलांना म्हणाला, "पप्पा, यंदा भाऊबीजेला बस-वस कॅन्सल. हे बघा फोनवर, इंदूर ते संभाजीनगर, विमानानं एक तास. खेल खतम!"

तोवर चिंतामणराव खाकी पिशवी घेऊन बसनं जायचे. हाडं खिळखिळी व्हायची, पण सकाळी बहिणीच्या दारात हजर.

त्यांनी लगेच फोन लावला. "सरले, आता तू नि मी एका तासावर! जेवून निघतो, दिवेलागणीला तुझ्या पाटावर."

"दादा, तू उडणार? पोट सांभाळ हो!" सरलाताई हसल्या.

मग आमच्या सगळ्या तुकोगंजात, गल्लोगल्ली सांगून झालं. तिकीट काढायला बसले तेव्हा कुठे कळलं, फोननं दोन विमानतळांमधलं सरळ अंतर मोजून तास सांगितला होता. तसं सरळ जाणारं विमानच नव्हतं. आधी मुंबई, तिथं ताटकळायचं, मग दुसरं विमान. बसगाड्या तर केव्हाच भरल्या होत्या.

"आत्याला सांगून टाका ना," पियुष म्हणाला.

"काय तोंडानं सांगू? तास सांगून बसलोय मी."

नाहीच सांगितलं.

मुंबईहूनचं दुसरं विमान उशिरा सुटलं. पोटात महेश्वरी साडी आणि शेव घेऊन मी निघाले खरी, पण संभाजीनगरात उतरल्यावर पट्ट्यावर आले ती सगळ्यांच्या शेवटी. चिंतामणराव एकदा माझी वाट बघत, एकदा काचेबाहेरचा अंधार. बीजेची कोर ती, नखाएवढी. दिसते न दिसते तोच मावळते.

सरलाताईंच्या दारात मी खडखडत शिरले. पाट रिकामा, निरांजन विझलेलं.

"भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ना दादा, तसं घेतलं ओवाळून," ताई म्हणाल्या. "कोर काही थांबेना. फोन तरी उचलायचास."

चिंतामणराव पाटाकडे गेलेच नाहीत, माझ्यावरच टेकले. माणूस शरमला की किती जड होतो, ते मला तेव्हा कळलं.

ताईंनी वात पुन्हा लावली. "बसा आता, विमानवाले." ते बसले. ओवाळून झालं, साडी दिली, पण मान काही वर झाली नाही.

त्याला आता वर्ष झालं. यंदा खुंटीवरची खाकी पिशवी उतरलीय, बसचं तिकीटही आलंय. बरं झालं. माझी आपली एकच विनवणी आहे. माझ्या मुठीला विमानतळाची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. कुणी आलं की वर बघतं, इंदुरी थाटात "अरे वा भिया, विमानानं गेला होतात!" म्हणतं, आणि चिंतामणराव रिकाम्या कपात बघत राहतात.

तेवढी ती चिठ्ठी कुणीतरी कापून टाका हो.