माझ्या वजनाची पोती

एका इंजिनाच्या विमानावरून तीन म्हातारे किती वर्षं भांडू शकतात हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने आमच्या गावच्या हँगरात यावं. कॉफी फुकट मिळेल, कान मात्र किटतील. माझा नवरा डेलमार म्हणतो, घरच्यांना घेऊन लांब जायचं तर चाकं पोटात घेणारं त्याचंच विमान. गेलेनच्या विमानाला पॅराशूट आहे, म्हणजे माणसाला नव्हे, अख्ख्या विमानाला. त्यावरून बाकीचे दोघे त्याला रोज भित्रा म्हणतात. लीलंडचं विमान सगळ्यात वेगवान, पण आत इतकं अरुंद की एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यावा. आम्हा बायकांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही एका सुरात सांगितलं असतं, बाथरूम असलेलं घ्या.

मला या विमानांशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त बिलिंग्जला जायचं होतं. माझी लेक कोरीन तिथे, पहिलं बाळंतपण, आणि जावई नौदलात, कुठल्याशा समुद्रावर. कोरीन झाली तेव्हा मी खोलीत एकटी होते. डेलमार कुणाचं तरी विमान पोचवायला गेला होता. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या पोरीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. आमच्या नेब्रास्कातून बिलिंग्ज गाडीने दहा तास. "विमानाने तीन," डेलमार म्हणाला. "तू बिनघोर राहा."

गेलेन आणि लीलंडने हे ऐकलं आणि झालं! तिघंही बिलिंग्जला जाणार, कुणाचं विमान भारी याचा एकदाचा निकाल लावणार. पण निकाल खरा लागायचा तर तिन्ही विमानांत वजन सारखं हवं. डेलमारच्या विमानात मी. मग बाकीच्या दोघांत काय?

"आर्लिस, रागावू नकोस," गेलेन चाचरत म्हणाला, "पण तुझं वजन किती?"

"आधी तुझ्या बायकोला तिचं विचारून ये. जिवंत राहिलास तर माझं सांगते."

शेवटी त्यांनी मला पेंडीच्या दुकानात नेऊन वासरं तोलायच्या काट्यावर उभं केलं. तीन पोती सोयाबीनची पेंड, आणि वर गुरांना चाटायला ठेवतात त्या मिठाच्या तीन विटा, एवढी मी भरले. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "चांगली भरलीस." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आत निघून गेला.

तसली पोती दोघांनी आपापल्या विमानात मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली. डेलमारनेही बांधली. का, तर आदल्या दिवशी एक चक्कर मारून बघायची होती, आणि मी चक्कर मारायला साफ नकार दिला होता.

निघायच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळीच कोरीनचा फोन आला. "आई, कळा सुरू झाल्यात. ये ना लवकर."

"निघालेच, राणी," मी म्हणाले, आणि बशी तशीच टाकून निघाले.

हँगरात पोचले तर डेलमारचं लक्ष माझ्या हातातल्या बॅगेवर. बाळाचे कपडे आणि दुपटी होती तिच्यात.

"ही नको," तो म्हणाला. "वजन वाढतं. इतरांवर अन्याय होईल."

"अरे, लेक बाळंत होतेय तुझी!"

"कळतंय गं. मग निदान बूट तरी काढ."

मी दोन्ही बूट काढून त्याच्या अंगावर फेकले. "बिलिंग्ज येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही! मी मागे बसणार. आणि आधी ती पोती काढ." तो इंजिनात डोकं घालून तेल बघत होता. "हं," म्हणाला. मी माझा कोट आणि हॅट मागे पोत्यांवर टाकली आणि तशीच बिनबुटाची बाथरूमकडे पळाले. तीन तास म्हणजे काय थट्टा आहे?

बाहेर येते तर तिन्ही विमानं धावपट्टीवर!

मी ओरडले, हात हलवले, धावलेसुद्धा. डेलमारच्या मागच्या खिडकीत माझी हॅट दिसत होती. पोतं माझ्यापेक्षा ताठ बसलं होतं मेलं. बघता बघता तिघंही उडाले. माझ्या वजनाच्या तीन बाया बिलिंग्जला निघून गेल्या आणि मी इथे जमिनीवर, अनवाणी.

निघण्याआधी डेलमारने मागे न बघता विचारलं होतं म्हणे, "पट्टा लावलास?" उत्तर आलं नाही. उत्तर न येणं म्हणजे हो, आणि ती अजून फुगलेली आहे, असं तो लग्न झाल्यापासून धरून चालतो. चूक तरी कशी म्हणू? एरवी बरोबरच असतं ते.

मी हँगरच्या दाराशी बसून आधी त्याला पोटभर शिव्या दिल्या, मग रडले. मग बूट शोधून घातले आणि आमची चार दारांची पिकअप काढली.

साउथ डकोटातल्या एका पेट्रोल पंपावरून कोरीनला फोन लागला. तिकडे नर्स होती. "तुमचे मिस्टर आलेत," ती म्हणाली. "तुम्ही मागच्या सीटवर आहात म्हणतात. आता बघायला गेलेत." मागून कोरीनचं विव्हळणं ऐकू येत होतं. मी गाडी अशी हाणली की विचारू नका.

वायोमिंगमध्ये पुन्हा लागला, तेव्हा कोरीन स्वतःच बोलली. "आई, मुलगी झाली! बाबा सगळा वेळ आत होते. माझा हात सोडला नाही त्यांनी."

"डेलमार? आत?"

"मध्ये एकदा खाली पडले. पण हात धरूनच पडले."

मी गाडी कडेला घेतली. आनंदाने ऊर भरून आला, आणि त्याच वेळी असा जळफळाट झाला की स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या. ती जागा माझी होती. पेंडीमुळे गेली.

उजेड आहे तोवर पोचले. हॉस्पिटलच्या बाकावर गेलेन आणि लीलंड बसले होते, दोघांचे डोळे लाल.

"काय मग, कुणाचं विमान जिंकलं?" मी दातओठ खात विचारलं.

"बघितलंच नाही," गेलेन म्हणाला. लीलंडने नाक शिंकरलं.

हळूहळू उलगडा झाला. तिघं रेडिओच्या एकाच चॅनलवर बोलत होते, आणि उडाल्या उडाल्या डेलमारचं बोलायचं बटण दाबलेलंच अडकून बसलं. त्यामुळे तो विमानात जे बोलला ते या दोघांना ऐकू गेलं. यांचा आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचेना, मग त्याला थांबवणार कसं?

"तो बोलत होता, आर्लिस. तुझ्याशी. शेवटपर्यंत."

"कशाबद्दल? वेगाबद्दल?"

"नाही गं. कोरीन झाली त्या दिवसाबद्दल." गेलेनने डोळे पुसले.

"काय म्हणाला?"

"ते तो तुला म्हणाला. आम्ही कसं सांगायचं?"

"मला नाही, पेंडीला म्हणाला!"

"तरी," लीलंड म्हणाला, "खाजगी आहे ते."

मी आत गेले. डेलमारने बाळ माझ्या हातात दिलं. एवढीशी, लालबुंद, मुठी आवळलेली. मी तिला छातीशी धरून रडले, कोरीनच्या कपाळाचे मुके घेतले. मग त्याच्याकडे वळले. "विमानात काय बोलत होतास?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तू नव्हतीस ना. जाऊ दे."

"आता सांग."

"नाही जमणार गं. ते एकदाच जमलं."

कोरीननेही विनवण्या केल्या. त्याने मान वर केली नाही. इतकी वर्षं संसार केला मी, आणि जे मला ठाऊक नाही ते तीन पोती पेंडीला ठाऊक!

आठवड्याने आम्ही घरी निघालो. बटण दुरुस्त होईपर्यंत विमान तिथेच राहणार होतं, म्हणून तोही पिकअपमध्ये. त्याने माझ्यासाठी पुढचं दार उघडलं. मी मागचं उघडून आत बसले आणि पट्टा लावला.

"हे काय?" तो म्हणाला. मी पोत्यासारखी ताठ बसले. त्याने आरशात बघितलं, तर मी खिडकीबाहेर बघत होते.

वायोमिंगमधलं शेरिडन मागे पडल्यावर त्याने घसा खाकरला.

"त्या दिवशी मी वेळेत पोचलो होतो," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "हॉस्पिटलच्या जिन्याखाली होतो. तुझं ओरडणं ऐकू आलं आणि पाय उचलेना. तिथेच बसून राहिलो, सगळं होईपर्यंत. मग वर येऊन सांगितलं की आत्ताच उतरलो."

त्याने पुढचा एक ट्रक मागे टाकला.

"ऐकतेयस ना?"

माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याला दोन रट्टे घालावेत असंही वाटलं, आणि त्याची मान मागून कुरवाळावी असंही. पण मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर तो गप्प झाला असता, आणि त्याचं अजून पुष्कळ सांगायचं राहिलं होतं.