दोन माणसांची गाडी

बुसैना सत्तावीस वर्षं लोकांचे दात करत होती. अम्मानमध्ये वैब्देच्या टेकडीवर एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे तिची खोली होती. तिथे तोंडांचे साचे यायचे, कधी लाळेने बरबटलेले, कधी रक्ताचा डाग असलेले, कधी आदल्या जेवणातला पार्स्लीचा कण घेऊन. ती ते नळाखाली धरायची आणि कामाला बसायची. एका हातात पाव, दुसऱ्या हातात कुणाची तरी कवळी, असं तिला पाहून भावजय तोंड फिरवायची. "किळस म्हणून वाटत नाही गं तुला?" नाही वाटायची. तोंड हे तोंड असतं, त्यात किळस कसली, असं तिचं म्हणणं.

वय एक्कावन्न. लग्न राहिलं ते राहिलंच. त्यातली अकरा वर्षं आईला चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यांत नेण्यात गेली. त्यासाठी घेतलेली गाडी म्हणजे निव्वळ डबा होता. मागल्या हिवाळ्यात आई गेली, आणि उन्हाळा लागता लागता बुसैनाने मनातली गोष्ट बोलून दाखवली. तिला छोटी, दोन आसनांची, छत उघडणारी गाडी हवी होती. पळणारी.

"दोनच जागा?" भाऊ म्हणाला. "एक तुझी. दुसरी कुणाची?"

"माझ्या पर्सची."

"लोक काय म्हणतील?"

"ते म्हणेपर्यंत मी पुढे गेलेली असेन."

फोनवर जाहिरात दिसली ती जून महिन्यात. लाल, जपानी बनावटीची, तीस वर्षांची, पहिल्यापासून एकच मालक, कुठेही ठोकर नाही. फोटो पाहून तिला रात्रभर धड झोप लागली नाही. शनिवारी सकाळी ती अबू गालिबला घेऊन शहरातल्या जबल अम्मान वस्तीत गेली. अबू गालिब बयादरचा मेकॅनिक. आईच्या डब्याला अकरा वर्षं त्यानेच जिवंत ठेवलं होतं. दरवाजाएवढा रुंद माणूस, बोलणं कमी.

विकणारा फाटकातच उभा होता. हैसम नाव, चाळिशीचा, अंगावर अत्तराची बाटली उपडी केल्यासारखा घमघमाट. त्याने अबू गालिबच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, जणू जन्माची ओळख. बुसैनाकडे पाहून हसला. वरचे सहाही दात नवे, वाजवीपेक्षा पांढरे. तिने सवयीनेच मोजले.

"गाडी माझ्या काकांची," तो अबू गालिबला सांगू लागला. "फख्री नाव. विमानांचे इंजिनियर होते. आता बिचारे संपल्यात जमा. दोन वर्षं झाली, कुणाला ओळखत नाहीत. काकू गेली, मूलबाळ नाही, सगळं मीच करतो. वल्ला, माझ्या मुलांच्या डोळ्यांची शपथ, मन तुटतंय ही गाडी विकताना."

"घेणार ह्या आहेत," अबू गालिब म्हणाला.

"हो का? मॅडमना रंग आवडला ना?" हैसम अजून अबू गालिबकडेच बघत होता.

गाडीवरचं कापड काढलं तेव्हा मात्र बुसैनाला सगळ्याचा विसर पडला. एवढीशी गाडी, अंगणात नुकत्याच धुऊन ठेवलेल्या जर्दाळूसारखी चमकत होती. अबू गालिब पाठीवर झोपून तिच्याखाली शिरला. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत राहिले. मग आतून आवाज आला, "सित्त बुसैना, एक डाग नाही गंजाचा. मालकाने जीव लावलाय हिला."

ती आत बसली. स्टिअरिंगला हात लावला आणि आपण किती वर्षं कशासाठी थांबलो होतो ते तिला कळेना. आसनांच्या कापडात हैसमच्या अत्तराचा वास मुरला होता, तेवढं एक सोडलं तर सगळं जिथल्या तिथे. दाराच्या खिशात एक वही सापडली. बारीक, सरळ अक्षरात गाडीचं सगळं चरित्र लिहिलेलं: तेल कधी बदललं, कोणता पट्टा तुटला. शेवटची नोंद होती, 'बारा एप्रिल. वायपर बदलले. उगाचच, पाऊस संपला.'

पानाच्या वर साल होतं, याच वर्षीचं. बुसैनाने ते दोनदा वाचलं आणि वही अबू गालिबला दाखवली. दोन वर्षं कुणाला न ओळखणारा माणूस स्वतःचीच थट्टा करत वायपर बदलतो?

मग तिने डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. रुमाल उलगडला तर वरची आणि खालची, पुरी कवळी. वाळून कोरडी पडलेली, फटींतून अन्नाचा पिवळट थर, आणि त्यावर मुंग्यांची रांग. एवढ्याने तिला काही झालं नसतं. पण रुमालाला अत्तराचा वास येत होता, तोच, तिच्याशेजारी उभा असलेला. आयुष्यात पहिल्यांदा तिने हातातले दात अंगापासून लांब धरले.

"अरे, हे इथे राहिलं होय?" हैसम खिडकीतून वाकून हसला. "फेकून द्या. त्यांना काय करायचेत दात? पातळ खातात ते."

"इथे कसे आले?"

"म्हातारं माणूस. कुठेही काढून ठेवतं."

"तुमच्या रुमालात?"

"मॅडम, तुम्ही गाडी बघायला आलात की दात?"

"कागदावर सही कुणाची होणार?"

"अंगठा. शिक्का मारून देणारा माणूस ओळखीचा आहे. तुम्हाला पायऱ्यासुद्धा चढायला नकोत."

"मी मालक बघितल्याशिवाय काही घेत नाही," बुसैना म्हणाली आणि गाडीतून उतरली. किल्ली अबू गालिबने इंजिन बघायला घेतली होती, ती त्याने मुकाट्याने खिशात टाकली.

किंमत पाडायची ही बाईची रीत असणार, असं समजून हैसम खांदे उडवून पुढे झाला.

वरच्या खोलीची लाकडी झडप पूर्ण खाली ओढलेली. उन्हाळ्याचे दिवस, आणि हवा अशी की नाकात बोळा बसावा. लघवी, शिळी डाळ आणि वरून मारलेलं अत्तर. खुर्चीत एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. कमरेभोवती चादर गुंडाळून मागे गाठ मारलेली. तोंडाची डावी बाजू जराशी ओघळलेली, गाल आत गेलेले. बाजूच्या स्टुलावर मसुराची पेज, वर साय धरलेली, सायीत माशी. उजव्या हाताचा अंगठा जांभळा होता. आजचाच नव्हे, बऱ्याच दिवसांचा जांभळा.

"कसा आहे माझा हिरो?" हैसम मोठ्याने, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलला. काकाच्या गालावर चापट्या मारल्या, हनुवटीवरची लाळ त्याच्याच सदऱ्याच्या टोकाने पुसली. मग शाईची डबी काढली, अंगठा धरला आणि लिफ्टचं बटण दाबावं तसा कागदावर दाबला.

म्हातारा जिवाच्या आकांताने काहीतरी बोलू लागला. "फ... आ... आफ..."

हैसमने तसेच आवाज काढून दाखवले आणि पाहुण्यांकडे बघून हसला. "गाणं म्हणतायत."

बुसैनाच्या अंगावर पाल पडावी तसं झालं. तिने मान वळवली, तर झडपेच्या फटीतून खाली अंगणातली गाडी दिसली. लाल, चमकणारी. आणि तिच्या मनात अख्खं वाक्य उमटलं: हा माणूस आता कधी ती चालवणार आहे? कागद तयार आहे, अंगठा झालाय, आपण नाही घेतली तर दुसरा कुणी घेईलच.

ते वाक्य आपलं आहे हे तिला कळलं. मग तिला हैसमची आली होती तितकीच किळस स्वतःची आली.

ती रुमालातली कवळी घेऊन न्हाणीघरात गेली. साबण, गरम पाणी, पर्समधला ब्रश. मुंग्या वाहून गेल्या, पिवळा थर निघाला. कवळी तिने थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवली आणि तळहातावर घेऊन बाहेर आली.

"हे काय चालवलंय?" हैसम पुढे सरसावला.

अबू गालिब मध्ये उभा राहिला. बस, उभाच राहिला. "दोन मिनिटं, उस्ताज. बाईंचं कामच आहे ते."

बुसैना खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. "अम्मो," काकांना मारावी तशी तिने हाक मारली, "तोंड उघडा. खालची जरा टोचेल. वाळलीय."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तोंड उघडलं. वरची बसली. खालचीला त्याने कळ सोसत डोळे मिटले. जबडा इकडे हलवला, तिकडे हलवला, आवंढा गिळला.

"पाणी," तो म्हणाला.

शब्द तिरका होता, पण शब्द होता. दोन पेले पाणी पिऊन तो पुन्हा बोलला, एकेक शब्द जिने चढल्यासारखा. "एप्रिलच्या शेवटी झटका आला. दात... याने काढले. सहा आठवडे."

"भ्रम आहे!" हैसम ओरडला. "डॉक्टरनेच सांगितलंय, भ्रम होतात."

अबू गालिबने मान वळवली. "अम्मो, गाडीचे वायपर कधी बदललेत?"

"बारा एप्रिल." म्हाताऱ्याच्या तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेली. "उगाचच."

आता हैसम पळेल, पाया पडेल, निदान खाली तरी बघेल, असं बुसैनाला वाटलं. त्याने सिगारेट पेटवली.

"घरातलं प्रकरण आहे," तो शांतपणे म्हणाला. "माझी कर्जं काय तुम्ही फेडणार? हा माणूस तीस वर्षं विमानांत फिरला, मला कधी एक खेळणं आणलं नाही. जाऊ दे. पाचशे दिनार कमी करतो. गाडी घेऊन जा, विषय संपला."

"तोंड बंद ठेव," अबू गालिब म्हणाला.

बुसैनाने चादरीची गाठ सोडली आणि विचारलं, "अम्मो, तुमचं कुणी आहे?"

इरबिदला बहीण होती, नजला. तिचा नंबर त्याला तोंडपाठ होता. एकेक आकडा त्याने सांगितला, चुकला नाही. हैसमने बहिणीला काय सांगितलं होतं ते फोनवर कळलं: काकांना भेटीगाठींचा त्रास होतो, डॉक्टरांनी मनाई केलीय.

नजला यायला दीड तास लागला. त्या दीड तासात हैसमने काय करावं? त्याने कॉफी केली. वेलची घालून, पितळी तबकात, घरधन्यासारखी समोर आणून ठेवली. "प्या ना, पाहुणे आहात." दोघांनी कपाला हात लावला नाही. कॉफी तशीच गार झाली. हैसमने मग त्यांच्या कपांतली एकेक उचलून स्वतःच पिऊन टाकली. बुसैना ते बघत राहिली. चोरीपेक्षाही तिला पुढे वर्षभर आठवत राहिला तो हा प्रकार.

नजला आली, भावाला मिठी मारून रडली, पुतण्याच्या थोबाडीत दिली आणि भावाला घेऊन गेली. पोलिसांचं नाव अबू गालिबने काढलं, तेव्हा तिने डोळे पुसत हात जोडले. "घराण्याची अब्रू आहे हो. आपलंच रक्त आहे." म्हणजे ज्याने कमरेला चादर बांधली त्याला एक थोबाडीत, आणि झालं.

बुसैनाने फख्रींसाठी नवी कवळी केली आणि शरदात बसवायला इरबिदला गेली. अबू गालिबने आणून पोचवलेली गाडी बहिणीच्या अंगणात उभी होती. फख्रींची वाचा जवळजवळ सुधारली होती. वागणं जुन्या पद्धतीचं, अदबशीर. "घेऊन जा," ते म्हणाले. "तुला जो भाव वाटेल तो दे. दुसऱ्या कुणाला मी देणार नाही."

ती आत जाऊन बसली. उन्हाने तापलेल्या आसनांतून अत्तराचा वास वर आला. तोच. तिला ती खोली आठवली, तो अंगठा आठवला आणि स्वतःचं ते वाक्यही. ती बाहेर आली. "माफ करा, अम्मो. मला नाही जमणार."

त्यांना ते लागलं. "विचार कर, बुसैना. मी गेल्यावर ती कुणाकडे जाईल?"

"तुम्हीच चालवा अजून."

"हो," ते म्हणाले. दोघांनाही ठाऊक होतं, चालवणार नाहीत.

माघात, थंडी ऐन भरात असताना ते गेले. शोकाला बुसैना अबू गालिबबरोबर त्याच्या पिकअपमधून गेली. ती आत बायकांत बसली, नजलाचा हात धरून. तो पुरुषांच्या मांडवात गेला आणि लवकरच, लाल चेहऱ्याने बाहेर आला.

"रांगेत पहिला तोच उभा होता," गावाबाहेर पडल्यावर तो म्हणाला. "हैसम. काळा कोट. हुंदके देऊन रडत होता. लोक त्याला मिठ्या मारत होते, 'मुलासारखं केलंस' म्हणत होते. माझेही मुके घेतले त्याने. दोन्ही गालांवर."

"गाडी?"

"बहिणीचा वाटा जाऊन जे उरलं ते शरियतप्रमाणे पुतण्याचंच. त्यात गाडी. माझ्या कानात म्हणाला, 'त्या बाईंना अजून हवी असेल तर सांगा, ओळखीत देईन.'"

बुसैनाने काच खाली केली. बाहेरची गार हवा आत आली, ऑलिव्हच्या बागांत जाळलेल्या पाल्याच्या धुराची.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? सुतकाच्या मांडवात होतो. 'अल्ला फख्रींवर दया करो' म्हणालो आणि निघालो." त्याने बाहीने गाल पुसले. मघापासून तो तेच करत होता.

बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "मी घ्यायला हवी होती. त्या म्हाताऱ्याने हातात दिली होती. मला वास आला म्हणून नको म्हटलं. माझ्या नाकाचे लाड झाले, आणि गाडी गेली त्याच्या बुडाखाली."

अबू गालिबने तिचं म्हणणं खोडलं नाही. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने गिअर बदलला आणि पुढच्या ट्रकला वाट दिली.