लीजच्या गाडीची चौकशी

विठोजीराव माने यांनी आयुष्यात कधी मोटार घेतली नाही, पण गिअर नीट पडला की नाही, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. चौतीस वर्षं कारखान्यात गिअरबॉक्स तपासण्याच्या बाकावर काढल्यावर दुसरं काय होणार? निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी हार घातला, घड्याळ दिलं, आणि त्या कानांचं पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

जे. पी. नगरात त्यांचं लहानसं घर होतं. खाली ते आणि पद्मावतीबाई, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू. मूलबाळ नव्हतं. मान्यांचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या मुरलं होतं की घरातल्या मराठीत निम्मी कानडी असे, आणि पुण्याहून आलेल्या माणसाला ती ऐकून हसू येई.

वरचा भाडेकरू पुण्याचाच होता. अभिराज मोहिते, वय सव्वीस, कोरमंगलाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. पहिलं वर्ष जिन्यातल्या नमस्कारापलीकडे बोलणं गेलं नाही, कारण विठोजीरावांना आपणहून बोलायला सुचत नसे. मग नव्याण्णवच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, अभिराज चार रंगीत माहितीपत्रकं घेऊन खाली आला.

"अण्णा, तुम्ही गिअरबॉक्सवाले. मला एक छोटी गाडी घ्यायचीय. पण पळणारी पाहिजे. आणि स्वस्त."

"स्वस्त आणि पळणारी?" पद्मावतीबाई आतून म्हणाल्या. "मग सायकल घे. उतारावर चांगली पळते."

"अक्का, सीरियसली! आणि विकत नाही घ्यायची, लीजवर घ्यायची. महिन्याला ठरलेले पैसे भरायचे, तीन वर्षं वापरायची आणि परत करायची. गाडी कंपनीच्या नावावर राहते."

पद्मावतीबाई ओला हात पदराला पुसत बाहेर आल्या. "परत द्यायची? मग पूजा कुणाच्या नावानं करायची, त्या कंपनीच्या?"

"पूजा गाडीची असते, अक्का. मालकाची नाही."

"सरी, बरं. चाकाखालचं लिंबू तरी आपलंच ना?"

अभिराज खो खो हसला. रोख भरून गाडी घेण्याइतके पैसे आपल्याकडे नाहीत, हे त्यानं मोकळेपणानं सांगितलं. "आणि अण्णा, तीन वर्षांनी मी कुठे असेन कुणास ठाऊक. अमेरिका, हैदराबाद... कुठेही. कशाला अडकून पडायचं?"

हे शेवटचं वाक्य विठोजीरावांनी ऐकलं आणि माहितीपत्रकं पुढे ओढली.

त्यानंतर दर रविवार तसाच. विठोजीरावांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं रकाने आखले. सँट्रो उंच, आत बसायला सोपी. मॅटीझ आटोपशीर. ऊनो दणकट. झेन बुटकी, हलकी, आणि तिचं इंजिन वर चढत जाताना कुठे कुरकुर करत नाही. अभिराजचा जीव पहिल्या दिवसापासून झेनवर होता. ती लीजवर परवडत होती. म्हणजे खरं तर निर्णय पहिल्याच रविवारी झाला होता. पण विठोजीराव दर वेळी नवी शंका काढत. टायरची रुंदी बघायला हवी. क्लच जड आहे का? वळायला जागा किती लागते? एकदा त्यांनी जुनी झाल्यावर किंमत किती येईल तेही काढलं.

"अण्णा, त्याचं आपल्याला काय? ती तर कंपनीची डोकेदुखी."

"हो, तेही खरं," विठोजीराव म्हणाले आणि रकाना खोडरबरानं हळूहळू, नीट पुसला. तेवढाच रविवार लांबला.

मार्चमध्ये शोरूमनं गाडी चालवून बघायला दिली. बॅनरघट्टा रोडवर सकाळी सात वाजता रस्ता मोकळा होता. मागच्या सीटवर शोरूमचा विक्रेता जीव मुठीत धरून बसला होता. अभिराजनं तिसरा गिअर टाकला, इंजिन ताणलेल्या तारेसारखं गाऊ लागलं, आणि विठोजीराव एकदम ओरडले, "खेच!"

काटा सत्तरवर गेला. मग विठोजीरावांना स्वतःचीच लाज वाटली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

"अण्णा, तुम्ही 'खेच' म्हणालात."

"मी कुठे?"

"मागे साक्षीदार बसलाय," अभिराज म्हणाला आणि परत येईपर्यंत हसत राहिला.

झेन ठरली. रेसिडेन्सी रोडवरच्या एका लीज कंपनीत कागद दिले गेले. पुढच्या रविवारी अभिराज खाली आला नाही. ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. विठोजीरावांनी आलेखाचे कागद टाचणीनं एकत्र लावले आणि दिवसभर तीन वेळा ती टाचणी काढून पुन्हा लावली.

बुधवारी अकरा वाजता फाटक वाजलं. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, काखेत फाइल. कानडीत म्हणाला, वर अभिराज मोहिते राहतात ना? जरा चौकशी करायची होती. कुठून आलात, असं विठोजीरावांनी विचारलं, तेव्हा तो नुसता हसला. "तसं सांगत नाही आम्ही. तुम्ही समजून घ्या."

विठोजीराव समजले. न समजायला काय झालं? त्यांच्या लोकांत मुलगी द्यायची तर मुलाच्या घरमालकाकडे असाच एक तिऱ्हाईत माणूस पाठवायची रीत होती. तो कुणाकडून आला ते सांगत नसे आणि घरमालकही विचारत नसे. भाच्यांच्या लग्नांच्या वेळी विठोजीराव स्वतः छत्री घेऊन दोनदा असे गेले होते आणि दोन्ही वेळा घाम पुसत परत आले होते.

त्या माणसानं विचारलं, किती दिवस राहतो? नोकरी पक्की आहे का? पगार अंदाजे किती? पिणं वगैरे? घरी वेळेवर येतो का? सगळं जुळत होतं. म्हणजे मुलगी होती कुठेतरी. लग्न झालं की दोन खोल्या पुरणार नाहीत. तो जाईल. तीन वर्षांनी नाही, तीन महिन्यांनीच.

"मुलगा वाईट नाही," विठोजीराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "पण यायची वेळ ठरलेली नाही. आज इथे, उद्या अमेरिकेत, असं त्याचंच म्हणणं. गाडी फार वेगानं चालवतो. जबाबदारी स्वल्प कमीच."

इथवर थोडंफार तरी खरं होतं. माणसानं लिहून घेतलं आणि वर बघितलं. "भाडं?"

"भाडं..." विठोजीरावांनी फाटकाची कडी बोटानं खालीवर केली. "भाडं वेळेवर येत नाही. मागावं लागतं."

माणूस गेला. मागे वळले तर पद्मावतीबाई दारात उभ्या होत्या.

"कधी मागावं लागलं?" त्यांनी विचारलं. "परवा तीस तारखेलाच देऊन गेला. मी घेतलं माझ्या हातानं."

"मुलीकडचा माणूस होता तो."

"मग चांगलं बोलायचं होतं!"

विठोजीराव फाटकाची कडी पुन्हा लावू लागले. पद्मावतीबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी जेवताना त्यांनी एकदाही त्यांना 'अजून वाढू का' असं विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अभिराज ऑफिसातून थेट खालीच आला. बूटही काढले नाहीत.

"रिजेक्ट झालं, अण्णा. लीज नाही देत म्हणाले. त्यांचा माणूस राहत्या जागी येऊन चौकशी करतो म्हणे, आणि रिपोर्ट वाईट आला. कुणीतरी सांगितलं की मी गाडी वेगानं चालवतो आणि भाडंही थकवतो. मी!" तो खुर्चीत धपकन बसला. "तो कोपऱ्यावरच्या घरातला म्हातारा असणार. माझ्या बाइकच्या आवाजावरून भांडला होता. बुधवारी आला होता तो माणूस. तुम्ही घरी होतात का? इथे कुणी आलं होतं?"

लीज कंपनीचा माणूस. मुलगीबिलगी कुणी नव्हतीच.

"नाही," ते म्हणाले. "इथे कुणी नाही आलं."

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला.

"तेच म्हटलं मी त्यांना," अभिराज म्हणाला. "आमच्या अण्णांना विचारा, म्हटलं. ते सांगतील मी कसा आहे."

रात्र कशी गेली ते विठोजीरावांनाच ठाऊक. शनिवारी सकाळी लग्नकार्याला घालायचा शर्ट घालून ते दोन बस बदलून रेसिडेन्सी रोडला गेले. दाराशी दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. रखवालदारानं तिसऱ्यांदा विचारल्यावर आत गेले.

टेबलावर हर्षिता नावाची पाटी होती आणि मागे तिशीही न गाठलेली मुलगी. कानडीत बोलली. विठोजीरावांनी सांगितलं की बुधवारचा जबाब आपला होता आणि भाड्याची गोष्ट खोटी होती.

"खोटी? का सांगितलीत?"

"मला वाटलं, ते मुलीकडून आलेत. स्थळ बघायला."

तिनं ओठ दाबले, पण हसू फुटलंच. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांना तिनं ते सांगितलं आणि तेही हसले. विठोजीरावही थोडे हसले. हसण्यावारी जातंय तर जाऊ दे, असं त्यांना वाटलं.

पण ती मुलगी हुशार होती. हसणं थांबवून तिनं विचारलं, "पण सर, स्थळ बघायला आला असता, तरी खोटं का सांगायचं?"

टेबलावर काच होती. काचेखाली कुठल्याशा देवाचं कॅलेंडर होतं. विठोजीराव त्यातल्या तारखा वाचत राहिले. रविवार लाल अक्षरांत छापले होते. उत्तर त्यांना येत होतं, पण ते कानडीत, मराठीत, कुठल्याच भाषेत मोठ्यानं म्हणण्याजोगं नव्हतं.

"लिहून द्या," ती जरा मऊ होऊन म्हणाली. "नाव, सही. मी पुन्हा तपासायला लावते. एक प्रत अर्जदारालाही लागेल."

त्यांनी कोरीव अक्षरात लिहिलं की मी, विठोजी तुकोजी माने, घरमालक, माझ्या भाडेकरूबद्दल खोटं बोललो. त्यानं भाडं एकदाही उशिरा दिलेलं नाही. खाली सही केली. कार्बनची प्रत घडी घालून खिशात ठेवली.

ती प्रत हातात द्यायचं मात्र धाडस होईना. दुपारी अभिराज वर झोपला असेल असा अंदाज करून ते पाय न वाजवता जिना चढले आणि दाराखालून कागद आत सरकवला. सरकवला आणि लगेच घाबरले. आत आणखी एक ओळ लिहायला हवी होती. माफी मागितलीच नव्हती! कागदाचं टोक अजून बाहेर दिसत होतं. ते गुडघ्यांवर बसले, दोन बोटांनी टोक धरलं आणि ओढायला लागले.

कागद येईना. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरला होता.

दार उघडलं. अभिराज बनियनवर उभा होता. जमिनीवर बसलेल्या विठोजीरावांसमोर त्यानं कागद पूर्ण वाचला. मग पुन्हा वाचला.

"तुम्ही?"

विठोजीरावांनी मान हलवली. त्यांना उठायचं होतं, पण गुडघा उठू देत नव्हता. अभिराजनं हात देऊन त्यांना उठवलं, आणि तो हात लगेच सोडला.

"मला वाटलं, तुझं लग्न ठरतंय," विठोजीराव म्हणाले. "तू जाशील असं वाटलं."

अभिराजनं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "काल मी विचारलं तेव्हा तरी सांगायचं, अण्णा." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तीन रविवार असेच गेले. महिनाअखेरीला अभिराज भाडं घेऊन आला. दारातच उभा राहिला. "पावती द्याल का?" इतक्या महिन्यांत दोघांत पावती कधी झाली नव्हती. घरात पावतीपुस्तकच नव्हतं. विठोजीरावांनी आलेखाच्या उरलेल्या कागदावर लिहून दिली. तारीख दोनदा लिहिली.

मेच्या पहिल्या रविवारी फाटकासमोर झेन उभी राहिली. लाल, बुटकी, लखलखीत. पद्मावतीबाई आरतीचं तबक घेऊन बाहेर गेल्या, कुंकू लावलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. विठोजीराव व्हरांड्याच्या खांबाशीच थांबले. गाडी पुढे सरकली, लिंबं फुटली, पद्मावतीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग अभिराजनं आतून वाकून डाव्या बाजूचं दार उघडलं आणि तो समोर बघत बसला. इंजिन चालू होतं.

"तुला बोलावतोय," विठोजीराव पद्मावतीबाईंना म्हणाले.

"माझ्या हातात तबक आहे," त्या म्हणाल्या. "जा आता. पेट्रोल जळतंय लेकराचं."

ते जाऊन बसले. गाडी बुटकी होती, गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आपटला. बॅनरघट्टा रोड त्या दिवशीसारखाच रिकामा होता. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. प्रत्येक कसा अलगद पडला ते विठोजीरावांच्या कानांनी टिपलं. तिसऱ्यात काटा चाळीसवर आला आणि तिथेच राहिला. एक सामान भरलेली रिक्षा त्यांना मागे टाकून गेली. नंतर एक बस. इंजिन खालच्या आवाजात गुणगुणत होतं. त्याला वर जायचं होतं, हे विठोजीरावांना स्पष्ट ऐकू येत होतं.

बरेच मैल गेल्यावर त्यांना राहवेना.

"खेच की जरा," ते हळूच म्हणाले.

अभिराजनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "नको, अण्णा. विचारलं कुणी तर तुम्हाला सांगावं लागेल."

विठोजीरावांनी मान खाली घातली. गाडी चाळीसवरच राहिली. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे ते परत घरी पोचेपर्यंत बघत राहिले. फाटकाशी उतरताना पुन्हा गुडघा अडकला, तेव्हा पलीकडून अभिराज म्हणाला, "सीट मागे सरकते. पुढच्या वेळी आधी सांगा."