बेंबळीचा शिपाई बुलबुल

बेंबळीच्या माळावर आमच्याकडं कधी न दिसणारा शिपाई बुलबुल सापडल्याची बातमी कृष्णराज सरांनी फोटोसकट छापून आणली. सर जिल्ह्यातले सगळ्यात मोठे पक्षीतज्ज्ञ आहेत, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. आज त्यांचा सत्कार होता. शोधाला दुजोरा मी द्यायचा होता, कारण पक्ष्यांची पुस्तकं वाचणारा गावात मी एकटाच.

फोटो पाहून मला शंका आली होती. शिपायाचा तुरा उंच आणि टोकदार असतो, छाती पांढरी असते, गाल लाल असतात. याचा तुरा आखूड होता, छाती काळपट. म्हणजे आपला रोजचा लालबुड्या बुलबुलच. पण गाल लाल होते! पुस्तकं पुन्हा चाळून मी सवयीप्रमाणं स्वतःलाच मूर्ख ठरवलं.

सत्काराआधी सरांनी सगळ्यांना माळावर नेलं. तो पक्षी निवडुंगाच्या पिकलेल्या बोंडात डोकं खुपसून खात होता. डोकं वर काढलं तेव्हा गालांवरून लाल रस ओघळत होता. शेजारच्या लालबुड्याचंही तोंड तसंच माखलं होतं.

"बघा, आता दोन शिपाई झाले!" सर ओरडले. "काका, तुम्ही नुसतं व्हय म्हणा."

मी तरी बोललो, "सर, लहानपणी बोंडं खाऊन माझंही तोंड असंच व्हायचं. मला कुणी शिपाई म्हटलं न्हाय."

लोक हसले. सर म्हणाले, "काकांचं वय झालंय."

सत्कार झालाच. शाल आणलेली होती, ती कुणाच्या तरी खांद्यावर जायलाच हवी होती. मला बोलायला कुणी उठवलं नाही. घरी येऊन मी पुस्तक पुन्हा उघडलं, न जाणो माझंच चुकलं असेल.