घमेलं उतरेपर्यंत

आजवर मी चार धंदे केले आणि चारही ब्रशाचे. आधी सातपाटीला होड्यांवर नावं आणि कमळं रंगवली. मग पालघरच्या तंबूतल्या सिनेमासाठी काचेवर जाहिराती काढल्या. तंबू उठला तेव्हा मुंबईत कार्टून फिल्मच्या कारखान्यात शिरलो. सशाच्या उडीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मोठे कलाकार काढत, मधली सगळी आमच्यासारख्यांनी काढायची. सात वर्षं मी मधली चित्रं काढली. तोही कारखाना बंद पडला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मी बोईसरजवळच्या मोठ्या बांधकामावर एका कंत्राटदाराकडे 'सावधान'चे फलक रंगवू लागलो, तेही रोजावर.

दमयंती, माझी बायको, म्हणते, "तुमच्या हातात कला हाय म्हणून आपण कदी उपाशी नाय राहिलो." खरंय. पण कधी टेकलोही नाही. आमच्या पत्र्याच्या ट्रंकेला बांधलेली दोरी मुंबई सोडल्यापासून सुटली नव्हती. "आता हिथून हलायचं नाय," एवढंच तिचं मागणं होतं.

संधी आली ती सावलीमुळे. दुपारी क्रेनला टांगलेल्या ओझ्याची सावली पडे आणि खडी वाहणाऱ्या बाया नेमक्या तिथंच भाकरी सोडत. फलक त्यांना वाचता येत नव्हते. कंत्राटदार साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "धर्माजी, तुम्ही हलती चित्रं काढायचात ना? तीन मिनिटांची फिल्म करा. बायांना कळली तर तुम्हाला कायम करतो."

महिनाभर वाकून चित्रं काढली. डोक्यावर घमेलं घेतलेली बाई चालत येते, वर क्रेन हलते, ती मागे सरते. चालण्याला बारा चित्रं पुरतात, तीच पुन्हा पुन्हा फिरवायची. चालताना माणसाचं डोकं वरखाली होतं, हे मुंबईत पहिल्याच दिवशी घोटून घेतलं होतं, म्हणून मी ते झोकात वरखाली केलं. एका जुन्या सोबत्यानं त्याच्या कॅमेऱ्यावर फिल्म उतरवून दिली.

सिमेंटच्या गोदामाच्या खिडक्यांना गोणपाट लावून भरदुपारी खेळ केला. पडद्यावर माझी बाई आली आणि पुढच्या रांगेतून आवाज उठला, "पडला, पडला घमेला." मग जे हसू फुटलं ते शेवटपर्यंत थांबलं नाही. क्रेनकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"पंधरा दिवस देतो," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर फलकांचं कामही पावसाळ्यापर्यंतच आहे."

मला बायांचा राग आला. दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसलेल्या जिवलीला गाठलं आणि जरा तोऱ्यातच विचारलं, "काय चुकलं ते सांग."

तिनं खडीनं भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि माझ्यासमोरून चालत गेली. "मान हालली तर खडी डोल्यात येते, पेंटरदादा. आमी गुडघ्यात चालतो."

आठ महिने मी या बाया रोज बघत होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली. बाराही कागदांवर एकाच उंचीवर आडवी रेघ मारली, डोकं त्या रेघेवर ठेवलं आणि सगळी हालचाल कमरेखाली नेली. तेराव्या दिवशी बोटं मिटेनात.

दुसऱ्या खेळाला गोदामात कुणी हसलं नाही. पडद्यावर क्रेनचं ओझं पुढं आलं, तशा पहिल्या रांगेतल्या बाया बसल्याबसल्याच मागे सरकल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "कायम झालात. आता बांधकामाच्या फोटोंचं कामही तुमच्याकडेच. कॅमेरा चालवता येतो ना?"

"शिकतो," मी म्हणालो. पंचवीस वर्षं हाच शब्द म्हणत आलोय. आनंद व्हायला हवा होता, पण नुसता थकवा आला.

बाया कामावर गेल्या. जिवली मात्र दाराशी थांबली. "पेंटरदादा, ती बाई कवाची चालते. घमेला उतरवते कुटं?"

"बाराच चित्रं आहेत, जिवली. तीच फिरत राहतात. तिला उतरवता येत नाही."

तिनं रिकाम्या पडद्याकडे बोट केलं. "मंग काडा ना अजून चार. दुसरी बाई पन काडा. भरला घमेला एकटीला नाय उतरत."

घरी येऊन दमयंतीला बातमी सांगितली. ती ट्रंकेपाशी बसली आणि दोरीची गाठ दातांनी सोडवू लागली. गाठ सुटल्यावर मी तिला म्हणालो, "जरा ती वेताची पाटी डोक्यावर घेऊन उभी राहा." हात कुठं लागतो, गुडघे कधी वाकतात, ते मला बघायचं होतं.

"साहेबांनी सांगितलं काय?"

"नाही. कुणीच नाही."

ती उभी राहिली. मी पाटीच्या कडेला हात लावला आणि आम्ही दोघांनी ती खाली ठेवली. मग कागद ओढले. चौथ्या चित्रात बाईचं डोकं मोकळं होतं. ते काढताना मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.